हजेरीपुस्तक आणि श्रावकाचे व्रत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी प्रतिष्ठेच्या, तपश्चर्येच्या आणि दात्यांच्या आठवणी निघाव्यात, हे स्वाभाविकच आहे. अशा मंगल वातावरणात कामगार कायद्यासारखा रुक्ष विषय व्याख्यानासाठी निवडला जावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. हजेरीपुस्तक, भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस हे शब्द कर सल्लागाराच्या कचेरीतले, त्यांचा धर्मस्थानाशी काय संबंध, अशी शंका मनात येणे साहजिक आहे. परंतु कर्जत, नेरळ, खोपोली आणि खालापूर परिसरातील जैन समाज हा मुख्यतः व्यापारी समाज आहे. किराणा, कापड, सराफी, बांधकाम साहित्य, भातगिरणी असा ज्याचा जो व्यवसाय, त्यात चार-दोन तरी माणसे पगारावर असतातच. ज्या श्रावकाच्या हाताखाली एकही माणूस काम करतो, त्याच्या व्रतांची कसोटी मंदिरापेक्षा दुकानातच अधिक लागते.

आगमांनाही हा विषय परका नाही. उपासकदशांग या सातव्या अंगात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील सद्दालपुत्त हा पोलासपूरचा कुंभार. नगराबाहेर त्याची मातीच्या भांड्यांची पाचशे दुकाने होती. त्यांत राबणाऱ्या माणसांचे वर्णन करताना सूत्रकार त्यांना भृती, भक्त आणि वेतन दिले जात असल्याचा उल्लेख आवर्जून करतात. मजुरी, जेवण आणि पगार! धर्मकथेत या तपशिलाला जागा मिळाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अतिचारांची यादी आणि आजचे दुकान

प्रतिक्रमण करणारा प्रत्येक श्रावक वंदित्तु सूत्रातून बारा व्रतांच्या अतिचारांची आलोचना करतो. शब्द मुखोद्गत असतात. अर्थ मात्र पुष्कळदा पाठीमागे राहतो. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाहावेत : वध, बंध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाण्याचा विच्छेद. हे अतिचार बैलाला व घोड्यालाच लागू आहेत असे मानण्याची सवय जडली आहे. शास्त्रकारांनी माणसाला त्यातून वगळलेले नाही. सकाळी नऊला आलेला मुलगा रात्री दहाला घरी जातो, दुपारच्या जेवणाला त्याला धड अर्धा तास मिळत नाही, आठवड्याची सुट्टी सणासुदीला रद्द होते. या दिनक्रमात अतिभारही आला आणि अन्नपानविच्छेदही आला.

अतिभाराचे उदाहरण शोधायला कर्जत तालुक्याबाहेर जावे लागत नाही. माथेरानच्या डोंगरावर मोटारीला बंदी. त्यामुळे तेथे पिढ्यान् पिढ्या माणूस माणसाला हातरिक्षातून ओढत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची व्यवस्था करण्याचा आदेश दिला. जो दोष शास्त्रकारांनी अतिचारांच्या यादीत घातला, तो न्यायालयाने घटनेच्या आधारे दूर करावयास सांगितला. धर्म आणि कायदा येथे एकाच माणसाच्या पाठीवरचे ओझे पाहत आहेत.

‘घरचाच माणूस’

या भागातील जुन्या पेढ्यांवर एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘तो नोकर कसला, घरचाच माणूस आहे.’ या वाक्यात खरा जिव्हाळा असतो. नोकराच्या मुलीच्या लग्नात शेठजी आहेर करतात, आजारपणात दवाखान्याचे बिल भरतात, दिवाळीला कपडे देतात. पण त्याच घरच्या माणसाचे नाव कोणत्याही रजिस्टरात नसते. नियुक्तिपत्र नसते, पगाराची पावती नसते. शेठजी हयात आहेत तोवर सारे सुरळीत चालते. पुढे शेठजी जातात, मुलांत वाटण्या होतात, दुकान विकले जाते किंवा धंदा बदलतो. तेव्हा बावीस वर्षे गल्ल्याजवळ उभा राहिलेला माणूस पन्नाशीत रिकाम्या हाताने पायरी उतरतो. त्याची सेवा ज्याला ठाऊक होती तो आता नाही, आणि कागदावर ती कधी आलीच नव्हती.

अशा माणसाचे देणे किती होते, याचा हिशेब अवघड नाही. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर नोकरी सोडणाऱ्यास उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देणे बंधनकारक आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पाच वर्षांचीही अट नाही. शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावे. येणारी रक्कम सेवेच्या वर्षांनी गुणावी. वेतन १३,००० रुपये असेल तर एका वर्षाचे ७,५०० होतात आणि बावीस वर्षांचे १,६५,०००. एकदा लागू झालेली ही जबाबदारी पुढे माणसे दहापेक्षा कमी झाली तरी संपत नाही.

येथे श्रावकाने एक भेद मनाशी स्पष्ट करावा. दान हे स्वतःच्या द्रव्याचे होते. एक लाख पासष्ट हजार रुपये ज्या दिवशी देणे झाले, त्या दिवसापासून ते शेठजींचे राहिलेच नाहीत. ते तिजोरीत पडून असले तरी मालकी दुसऱ्याची आहे. त्यातूनच पाच हजारांचा आहेर करणे आणि त्याला उपकार समजणे हा हिशेबाचा दोष झाला. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांत पहिला मान न्यायसंपन्न वैभवाला दिला. दया, दाक्षिण्य, परोपकार हे सारे त्यानंतर येतात.

कायदा आज काय सांगतो

कामगार कायद्यांचे जाळे फार गुंतागुंतीचे आहे, ही व्यापाऱ्यांची जुनी तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. केंद्राने २९ कायदे एकत्र करून चार संहिता केल्या : २०१९ ची वेतन संहिता, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा या तीन संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आणल्या गेल्या. दुकानांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. ज्याला बाजारात अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात, त्या १९४८ च्या कायद्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम आला. त्याची पूर्ण अंमलबजावणी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना होती. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा वीसवर नेली. त्याखालील दुकानदाराने केवळ व्यवसायाची सूचना द्यावयाची असते.

या सवलतीचा एक चुकीचा अर्थ बाजारात लावला जातो. ‘माझ्याकडे पाचच माणसे, मला कायदा लागू नाही’, असे सर्रास बोलले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. किमान वेतन एका कामगारालाही द्यावे लागते. वेतन संहितेने ते सर्व रोजगारांना लागू केले आहे. महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून गतवर्षीचा आकडा यंदा पुरेलच असे नाही. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. नोकरी सुटल्यास, मग ती मालकाने सोडवलेली असो वा कामगाराने सोडलेली, दोन कामकाजी दिवसांत हिशेब पूर्ण करावा लागतो. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो.

माणसांची संख्या वाढते तशी कर्तव्ये वाढतात. दहा माणसांपासून राज्य विमा योजना, उपदान आणि २६ आठवड्यांची प्रसूती रजा येते. वीस माणसांपासून भविष्य निर्वाह निधी आणि किमान ८.३३ टक्के बोनस येतो. व्यावसायिक सुरक्षा संहितेने कामगाराला नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. पगाराचे वेगवेगळे भत्ते पाडून मूळ वेतन नाममात्र दाखवण्याची जी युक्ती काही ठिकाणी चाले, तिलाही आता आळा बसला आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

ज्यांच्याकडे खरोखरच चार-पाच माणसे आहेत, त्यांच्यावर उपदानाची वा निधीची सक्ती नाही. परंतु कायद्याला दहा आणि वीस असे आकडे मोजावे लागतात. व्रताला एक माणूस पुरतो. छोट्या दुकानदारानेही आपल्या कामगाराची ई-श्रम नोंदणी करून द्यावी. वय १८ ते ४० आणि मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना सुरू झाली. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतनाची तिच्यात तरतूद आहे. आहेराच्या पाकिटापेक्षा असा एखादा हप्ता नोकराच्या म्हातारपणी अधिक उपयोगी पडेल.

कूटलेख आणि न्यासापहार

सत्य अणुव्रताचा एक अतिचार कूटलेख हा आहे. खोटा दस्तऐवज करणे, असा त्याचा सरळ अर्थ. हातात नऊ हजार ठेवायचे आणि किमान वेतनाच्या रकमेवर सही घ्यायची. बारा तास राबवून पुस्तकात आठ तास लिहायचे. महिन्याच्या शेवटी एकाच बैठकीत एकाच शाईने तीस दिवसांची हजेरी भरायची. हा सारा कूटलेख होय. सही करणारा गरजेपोटी सही करतो. अतिचार मात्र पुस्तक ठेवणाऱ्याला लागतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे काहीच न लिहिणे. ‘आम्ही पगार पूर्ण देतो, लिहीत नाही इतकेच’, असे प्रामाणिक मालकही सांगतात. परंतु वेतनाचा दावा दाखल झाल्यास पैसे दिले गेले हे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेने मालकावर टाकला आहे आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. रोखीने दिलेला, कोठेही न नोंदलेला पगार हा कायद्याच्या दृष्टीने न दिल्यासारखाच ठरू शकतो. पगार बँकेत जमा करणे आणि पावती देणे यात मालकाचेही रक्षण आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या अतिचारांत न्यासापहार येतो. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे हा न्यासापहार. भविष्य निर्वाह निधीसाठी कामगाराच्या वेतनातून साधारणतः १२ टक्के कापले जातात आणि मालकाने तेवढाच हिस्सा घालून पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा करावयाचा असतो. कापलेली रक्कम धंद्यात फिरवली गेली, तर ती दुसऱ्याची ठेव वापरल्यासारखे झाले. फौजदारी कायद्यानेही या कृत्याला फौजदारी विश्वासघात मानले आहे. जुन्या दंड संहितेत तशी तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. आचार्य उमास्वातींचा शब्द आणि कायद्याचा शब्द यांत येथे फारसे अंतर उरत नाही.

अस्तेय व्रतात विरुद्धराज्यातिक्रम सांगितला आहे. राज्याने घातलेल्या मर्यादा ओलांडून मिळवलेल्या लाभाला सूत्रकारांनी चोरीच्या पंक्तीत बसवले, हे कायदा चुकवण्यात चातुर्य मानणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आरोप, चौकशी आणि स्त्रियांची सुरक्षितता

वंदित्तु सूत्रातील दुसऱ्या व्रताच्या अतिचारांत पहिला शब्द सहसाभ्याख्यानाचा आहे, म्हणजे विचार न करता एखाद्यावर आळ घेणे. गल्ल्यात पाचशे रुपये कमी भरले की पहिला संशय नोकरावर जातो. चार गिऱ्हाइकांसमोर त्याचे खिसे तपासले जातात आणि ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सुनावले जाते. संध्याकाळी तेच पैसे बिलांच्या गठ्ठ्यात सापडले तरी गेलेली अब्रू परत येत नाही. कायद्याने यासाठी पायऱ्या सांगितल्या आहेत : आरोप लेखी द्यावा, उत्तराला वेळ द्यावा, निःपक्षपाती चौकशी करावी आणि मगच निर्णय घ्यावा. कोणताही दोष नसताना माणूस कमी करावयाचा असेल आणि औद्योगिक संबंध संहितेखालील कामगाराची एक वर्षाची सलग सेवा झाली असेल, तर एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते.

कापड दुकानांत आणि कचेऱ्यांत आता बहुसंख्येने मुली काम करतात. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते. तक्रार आल्यावर ‘बाजारात नाव खराब होईल’ म्हणून मुलीलाच कामावरून काढणे, हा अन्यायावर केलेला दुसरा अन्याय आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच व्यवसायांत निषिद्ध आहे. हे चहाच्या पेल्यापासून दुकानाच्या झाडूपर्यंत लागू आहे.

वीटभट्टीवरचा माणूस

शास्त्रकारांनी श्रावकाला जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली, त्यांत पहिले अंगारकर्म. हेमचंद्राचार्यांनी कोळसा पाडणे आणि विटा भाजणे या दोहोंचा त्यात समावेश केला. हा योगायोग कर्जत-खालापूरच्या श्रावकाला अस्वस्थ करणारा आहे. कारण येथील डोंगरकपारीत राहणारा कातकरी समाज पावसाळा संपला की नेमका याच दोन कामांसाठी, वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर, कुटुंबकबिल्यासह बाहेर पडतो आणि पावसाळ्यापूर्वी परततो. निघण्यापूर्वी तो मुकादमाकडून उचल घेतो. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा उचल फिटलेली नसते. मग पुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर जाणे भाग पडते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटी माणसाला असे बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला. किमान वेतनाहून कमी दराने राबवून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले.

समाजातील फार थोडे लोक स्वतः भट्टी चालवत असतील. पण बांधकाम साहित्याचा व्यापार करणारे, फार्महाऊस बांधणारे आणि उपाश्रयाला नवा मजला चढवणारे विटा घेतातच. दर विचारताना भट्टीवरच्या मजुरांचा हिशेब कसा होतो, हेही विचारावे. श्रावकाच्या या एका प्रश्नाने पुरवठादार सावध होतो. ‘बंध’ हा अतिचार दोरीनेच होतो असे नाही; उचलीनेही होतो.

दिव्याखालचा अंधार

सांगणे संपवण्यापूर्वी ट्रस्टकडेही नजर वळवणे प्राप्त आहे. मंदिराचे पुजारी, भोजनशाळेतील महाराज, रात्रीचा पहारेकरी, झाडलोट करणारी बाई, ही सारी धर्मस्थानाची पगारी माणसे आहेत. औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय स्वरूपाच्या संस्थांना ‘उद्योग’ या व्याख्येतून वगळले आहे, हे खरे. परंतु त्यामुळे सामाजिक सुरक्षेची इतर कर्तव्ये आपोआप संपत नाहीत. आणि नैतिक कर्तव्य तर त्याहून मोठे आहे. ‘देवाची सेवा आहे’ असे म्हणून पुजाऱ्याला बाजारभावाहून कमी देणे आणि त्याच वर्षी कळसाला नवा मुलामा चढवणे, यांचा मेळ बसत नाही. लाखांचे चढावे ज्या पुस्तकात लिहिले जातात, त्याच्या शेजारीच पहारेकऱ्याचे हजेरीपुस्तक असावे आणि तेही तितक्याच काळजीने लिहिलेले असावे. पन्नास वर्षे ज्यांनी पहाटे मंदिराची दारे उघडली, त्यांची नावे स्मरणिकेत आली तर आनंदच आहे. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हातात त्यांचे देणे पडले तर तो सुवर्णमहोत्सवाचा खरा ठेवा होईल.

येत्या पर्युषणापूर्वी प्रत्येक व्यापारी कुटुंबाने पाच गोष्टी कराव्यात. प्रत्येक कामगाराला रुजू झाल्याच्या खऱ्या तारखेसह नियुक्तिपत्र द्यावे. पगार चालू किमान वेतनाशी पडताळून पाहावा. हजेरी रोजच्या रोज भरावी आणि पगार बँकेतून द्यावा. कापलेला निधी जमा झाल्याची पावती कामगाराला दाखवावी. आणि जुन्या माणसांच्या सेवेची वर्षे मोजून त्यांचे उपदान आजच्या हिशेबात देणे म्हणून दाखवावे, म्हणजे उद्या वाटण्या होताना ते विसरले जाणार नाही.

संवत्सरीच्या दिवशी सगळ्या सग्यासोयऱ्यांना क्षमापना केली जाते. दुकानातल्या माणसालाही हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. हिशेब चुकता नसताना म्हटलेली ती क्षमापना अपुरी राहते. आधी त्याचे देणे द्यावे, मग त्याची क्षमा मागावी. म्हणजे त्याला ती मनापासून देता येईल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.